एक चुनखडक, चार बोअर: पैनगंगा खोऱ्यातल्या एका गावाच्या पाण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं नाव देत नाही. वणी, झरी जामणी आणि कोरपना या तालुक्यांच्या पट्ट्यातलं, पैनगंगेपासून सहा-सात किलोमीटर आत असलेलं, बाराशे वस्तीचं गाव, एवढं पुरेसं आहे. शेतात कापूस, तूर, थोडं सोयाबीन. पिण्यासाठी नाल्याकाठची दगडी बांधणीची जुनी विहीर आणि दोन हातपंप. विहीर होळीपर्यंत साथ द्यायची, मग तळ दिसायचा. एक हातपंप उथळ होता, तो उन्हाळ्यात नुसता खडखडायचा. दुसरा बारमाही, पण त्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.९ मिलिग्रॅम होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा उद्भव नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं. म्हणून त्या पंपाला लाल रंग फासला होता. लाल रंगाचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता, आणि वैशाखात रांग त्याच पंपावर लागायची.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं तेव्हा माणशी रोज ५५ लिटर हे उद्दिष्ट ठरलं. या गावासाठी ते रोजचं ६६ हजार लिटर होतं. टाकीची जागा ठरली, पाइपलाइनचं अंदाजपत्रक झालं, पण पाणी कुठून आणायचं ते ठरेना. योजनेसाठी घेतलेले दोन्ही बोअर कोरडे गेले. त्यानंतर ग्रामपंचायतीनं मला बोलावलं. मी भूजलाचं काम करणारी भूवैज्ञानिक आहे, आणि या पट्ट्यात त्याआधीही फिरले होते. त्या फिरण्याचा उपयोग झाला, आणि थोडा तोटाही झाला. तो पुढे येईलच.

गावाखालचा खडक

इथल्या चुनखडकाला भूवैज्ञानिक ‘पैनगंगा गट’ या नावाखाली मोजतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी १८८१ साली प्राणहिता-गोदावरी खोऱ्याच्या खडकांचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हापासून हे नाव चालत आलेलं आहे. या गटात तळाला वालुकाश्म, त्यावर चुनखडक आणि त्याच्यावर शेल, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणारा चिखलाचा खडक, अशी चळत आहे. मधल्या चुनखडकाला ‘चांदा चुनखडक’ म्हणतात. चांदा हे चंद्रपूरचं जुनं नाव. त्याची जाडी शेकडो मीटर भरते. रंग राखाडी, गुलाबी, तपकिरी, कुठे पार काळा. थर बहुधा पातळ, कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. दक्षिणेला आदिलाबादकडे याच खडकात मँगनीजचे पट्टे सापडतात. सगळा गट प्रोटेरोझोइक काळातला आहे, म्हणजे शंख-शिंपल्यांचे प्राणी जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे या खडकात शिंपला शोधत बसू नये. विद्यार्थी बसतात, मीही बसले होते.

हा चुनखडक आज कुठे दिसतो? पैनगंगेच्या दोन्ही अंगांना, यवतमाळच्या वणी, मुकुटबन भागात, चंद्रपूरच्या कोरपना, गडचांदूर, राजुरा भागात आणि नदीपलीकडे तेलंगणात. गडचांदूर, आवारपूर, मुकुटबन इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच खडकाच्या जिवावर. पण हा पट्टा सलग उघडा नाही. त्याच्यावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी पांघरुणं पडली. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथे हिमनद्या होत्या. चंद्रपूरजवळच्या इरई इथे पैनगंगा चुनखडकाच्या पृष्ठभागावर त्या बर्फानं ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले आहेत. त्या काळातले गोटे-मातीचे थर आणि त्यानंतरचे कोळशाचे थर वणी, घुग्घुस भागात चुनखडकाच्या वर बसलेले आहेत. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून दख्खनचा लाव्हा आला. त्यानं उंच-सखल सगळं झाकलं. पुढे नद्यांनी तो कोरून काढला, तिथे खालचा चुनखडक पुन्हा उघडा पडला. जिथे कोरणं अर्धवट राहिलं, तिथे बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाची, ठिगळं उरली.

ही ठिगळं जिल्ह्याच्या नकाशावर धड दिसत नाहीत. तो नकाशा दाखवतो तो पट्टा. गावाच्या शिवारात कुठल्या बांधापर्यंत बेसॉल्ट आहे, कुठे चुनखडक उघडा आहे आणि कुठे तो शेलखाली जातो, हे चालत जाऊनच कळतं. ५६ आय आणि ५६ एम हे स्थलदर्शक नकाशे हातात असले तरी चालावंच लागतं.

अडचण

पहिला बोअर गावाच्या पश्चिमेला, काळ्या जमिनीत घेतला होता. तिथे का, असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘‘तिथं चुनखडी निंघते ना, मॅडम. चुनखडी असली म्हणजे पानी असते.’’

इथे एका शब्दानं घात केला होता. आपण मराठीत दोन अगदी वेगळ्या वस्तूंना ‘चुनखडी’ म्हणतो. एक, जमिनीखाली शेकडो मीटर जाडीचा, समुद्राच्या तळाशी साचलेला खडक. दुसरी, काळ्या मातीत नांगराला लागणारे पांढरट, ओबडधोबड कंकर. हे कंकर मातीतच तयार होतात. बेसॉल्टमधून सुटलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर खाली मुरतं, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि चुन्याचे गोळे मागे राहतात. म्हणजे या शेतातली ती ‘चुनखडी’ खाली बेसॉल्ट असल्याची खूण होती. दोन्ही वस्तूंवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो, त्यामुळे आम्लाची बाटली घेऊन फिरणाराही इथे फसू शकतो. या लेखात यापुढे खडकाला मी ‘चुनखडक’च म्हणणार आहे आणि मातीतल्या गोळ्यांना ‘कंकर’. गावातही आम्ही पुढे तोच नियम पाळला, आणि बैठकांमधला अर्धा गोंधळ तिथेच मिटला.

तो बोअर तीनशे फूट गेला होता. बोअर मशीनवाल्याच्या वहीत ‘माती, मुरूम, काळा पाषाण, कोरडा’ एवढीच नोंद होती. सुदैवानं बोअरशेजारी चुऱ्याचा ढीग तसाच पडून होता. वरचा चुरा हलवून मी खालपर्यंत नमुने घेतले. बहुतेक चुरा आम्लाला दाद देत नव्हता, तो बेसॉल्ट. पण शेवटी उपसलेला, ढिगाच्या वर आलेला भाग जोरात फसफसला. म्हणजे बोअर बेसॉल्टचं ठिगळ पार करून शेवटच्या साठ-सत्तर फुटांत चुनखडकात शिरला होता, पण वहीत दोन्ही ‘काळा पाषाण’च होते.

दुसरा बोअर उलट दिशेला, पूर्वेच्या माळावर होता. तिथे चुनखडक अगदी उघडा, लोक त्याच्या फरश्या काढून गोठ्यात बसवतात. तिथेही तीनशे फूट नुसती धूळ. त्यामुळे गावाचं मत पालटलं होतं. आधी ‘चुनखडी म्हणजे पाणी’ होतं, आता ‘चुनखडीत पाणी नसतेच’ झालं. दोन्ही मतं एकाच अनुभवातून आली होती आणि दोन्ही चुकीची होती.

चुनखडकाच्या दाण्यांमध्ये पाणी साठायला जागा जवळजवळ नसते. पाणी असतं ते त्याच्या भेगांत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, भेगेत शिरतं आणि भेगेच्या कडा विरघळवत जातं. केसाएवढी भेग हजारो वर्षांत बोटाएवढी होते, मग हाताएवढी. ज्या भेगेतून पाणी जास्त वाहतं ती अधिक रुंदावते, आणि रुंदावली की शेजारच्या भेगांचंही पाणी ओढते. त्यामुळे दहा-पंधरा हातांवरचे दोन बोअर, एक कोरडा ठणठणीत आणि एक पाण्याचा लोट, हे चुनखडकात सहज घडतं.

दुसरी गोष्ट खडकाच्या शुद्धतेची. शुद्ध चुनखडक विरघळला की मागे फारसं काही उरत नाही, वाट मोकळी होते. मातकट चुनखडक विरघळला की मागे चिखल उरतो आणि तोच भेग बुजवतो. मी माळावरच्या बोअरचे तुकडे काचेच्या बाटलीत आम्लात टाकून रात्रभर ठेवले. सकाळी तळाला दोन बोटं राखाडी गाळ होता. त्याच रात्री नाल्यातल्या दगडाचा तितकाच तुकडा दुसऱ्या बाटलीत ठेवला होता. त्यात चिमूटभर गाळ. सरपंचबाईंनी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि दुसरा बोअर का कोरडा गेला हे समजावायला मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

समोरचे पर्याय

ग्रामसभेत पाच गोष्टी मांडल्या गेल्या.

लाल हातपंपाच्या जागी मोठा बोअर घेऊन फ्लोराइड काढणारं यंत्र बसवायचं, हा एक. असं यंत्र बसवलेली गावं मी पाहिली आहेत. आतलं फ्लोराइड शोषणारं माध्यम वेळेवर बदललं नाही की काही महिन्यांत ते नुसती टाकी होऊन राहतं. गावाकडे ते सांभाळायला माणूस नव्हता आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

पैनगंगेवरून पाणी आणायचं, हा दुसरा. पाणी भरपूर, पण सात किलोमीटर पाइप, गाळणी केंद्र आणि पंपाचं वीजबिल. एकट्या गावाला हे झेपणारं नव्हतं, आणि आसपासच्या गावांची संयुक्त योजना कागदावरही आलेली नव्हती.

जुनी विहीर खोल करायची, हा तिसरा. वयस्कर माणसांना हा पटत होता. माझ्याही मनात तो बराच काळ होता. पण विहिरीच्या तळाशी पाणी एका फटीतून येत होतं. सुरुंग लावला तर ती फट मोकळी होईल किंवा पाणी कायमचं दुसरीकडे जाईल, यातलं काय होईल ते सांगता येत नव्हतं. गावाचा एकमेव गोड्या पाण्याचा ठेवा पणाला लावायला मी नाही म्हटलं.

चौथा, पाणाड्यानं देवळामागे नारळावर दाखवलेली जागा. तिथे खाली माळाचाच मातकट चुनखडक होता. मी त्या बाबांना बाटल्या दाखवल्या. ते म्हणाले, ‘‘मी पानी सांगतो, दगड नाही सांगत.’’ वाद घातला नाही. पैसे एका बोअरपुरतेच होते आणि ग्रामसभेला तेवढं कळत होतं.

पाचवा माझा: शिवाराचा भूवैज्ञानिक नकाशा करायचा, मग विद्युत प्रतिरोध सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडक तिला किती विरोध करतो ते मोजणं, मग बोअर. याला दोन-तीन आठवडे जाणार होते. फेब्रुवारी संपत आला होता, आणि ‘तीन आठवडे’ हे शब्द ऐकून मागच्या रांगेतल्या बायका उठून गेल्या. त्यांचं बरोबरच होतं, डोक्यावर हंडा त्यांच्या होता. तरी ठराव झाला.

काय केलं

पहिले चार दिवस नाला चालले. वरच्या अंगाला बेसॉल्ट, मग चुनखडक, आणि गावाच्या खाली ईशान्येला शेल. चुनखडकाचे थर ईशान्येकडे हलक्या उतारानं कलत होते, म्हणजे त्या बाजूला ते शेलच्या खाली जात होते. भेगांच्या दिशा होकायंत्रानं मोजल्या. त्यातली एक दिशा ठळक होती आणि नाल्याचा सरळ तुकडा नेमका तिच्याच रेषेत होता. इथवर सगळं शिस्तीत झालं.

मग प्रतिरोध सर्वेक्षण. कोरडा, घट्ट चुनखडक विजेला प्रचंड विरोध करतो, पाण्यानं भरलेली भेग कमी. त्यामुळे कमी प्रतिरोधाची जागा शोधायची. अशा दोन जागा मिळाल्या. पण मातीनं बुजलेली भेगही कमीच प्रतिरोध दाखवते, आणि शेलही तसाच. यंत्र पाणी दाखवत नाही, ते फक्त वीज किती सहज जाते ते दाखवतं. दोनपैकी कोणती निवडावी यावर मी अडले.

निर्णय ज्याच्यामुळे झाला तो माणूस रोज माझ्या शेजारून गुरं नेत होता. पाचव्या दिवशी दुपारी ते काकाजी सावलीत येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तुमी वरतून पाहून राह्यले, पानी तं खालून चाल्लं.’’ त्यांनी मला नाल्यात वर नेऊन करंजाच्या झाडाखालचं एक भगदाड दाखवलं. पानं आणि काटक्यांनी झाकलेलं, अर्धा हात रुंद. पोळ्यानंतर नाल्याची धार बारीक झाली की सगळं पाणी इथे आत शिरतं आणि पुढचा नाला कोरडा पडतो, पण त्याच दिवसांत खालच्या जुन्या विहिरीला भरपूर पाणी असतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. मी त्या झाडाखालून चार वेळा गेले होते. या पट्ट्यात आधी काम केलं असल्यामुळे मला वाटलं होतं की काय पाहायचं ते मला ठाऊक आहे. माणसांना विचारणं हे पहिल्या दिवसाचं काम होतं, ते पाचव्या दिवशी घडलं, आणि तेही मी विचारल्यामुळे नव्हे.

भगदाड आणि विहीर यांच्यात सुमारे नऊशे मीटर अंतर होतं, आणि दोन्ही त्याच ठळक भेगांच्या रेषेवर. कमी प्रतिरोधाची एक जागा या रेषेवर पडत होती. तिसरा बोअर तिथे घेतला.

साठ फुटांपर्यंत घट्ट खडक. मग चुरा ओला यायला लागला. १०५ फुटांवर रॉड एकदम फूटभर खाली गेला, हवेचा दाब पडला आणि क्षणभरानं बोअरमधून लाल-तपकिरी पाण्याचा लोट उसळला. सगळं गाव तिथे होतं. कुणी नारळ फोडला, बायका हातानंच ते गढूळ पाणी अंगावर घेत होत्या. चाचणीत तासाला चौदा हजार लिटर भरलं.

इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय झाला, आणि तो मी चुकीचा घेतला. पाणी पोकळीतून आलं होतं. लाल रंग वरच्या मातीचा होता. याचा अर्थ वरून आत येणारी वाट खुली आहे, हे मला त्या क्षणी दिसत होतं. खोल जाऊन दुसरी भेग शोधावी आणि वरची पोकळी केसिंगनं, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपनं, बंद करावी, असा विचार आलाही. पण मशीनवाला म्हणाला की पोकळीखाली रॉड अडकला तर हातचा बोअर जाईल, पैसे संपले होते आणि लोक नाचत होते. मी थांबा म्हटलं. दोन दिवस पंप चालवल्यावर पाणी स्वच्छ झालं. फ्लोराइड ०.४. काठिण्य लिटरला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २०० च्या इष्ट मर्यादेच्या वर आणि ६०० च्या कमाल मर्यादेच्या आत. डाळ शिजायला वेळ लागतो, हंड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, एवढाच त्रास. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन फार वाढू शकत नाही, त्यामुळे या दोन आकड्यांची जोडी मला रास्त वाटली. योजना सुरू झाली आणि तो उन्हाळा गावानं पहिल्यांदा टँकरशिवाय काढला.

काय निष्पन्न झालं

मृगाच्या तिसऱ्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी आलं. आरोग्य सेविकेनं जिवाणू तपासण्याच्या बाटलीत नमुना भरला, दुसऱ्या दिवशी बाटली काळी झाली होती, म्हणजे पाण्यात जिवाणू होते. नळ बंद झाले. त्या आठवड्यात शाळेतल्या काही मुलांना जुलाब झाले. नळाच्या पाण्यानंच झाले का, हे सिद्ध करता आलेलं नाही, पण मी तरी ते माझ्याच खात्यात धरते.

पाऊस ओसरल्यावर, भगदाडातलं पाणी कुठे आणि किती वेळात पोचतं ते पाहायला, आम्ही त्यात मीठ घातलं. दोन पोती मीठ पिंपांत विरघळवून, नाल्याच्या धारेबरोबर आत सोडलं. रंग वापरला असता तर निकाल डोळ्यांना दिसला असता, पण विहिरीला हिरवं पाणी आल्यावर गावाचा विश्वास उडाला असता. मिठाच्या पाण्यातून वीज जास्त सहज जाते, म्हणून दर अर्ध्या तासानं विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायला दोन मुलं बसवली. बोअरला वाढ तेरा तासांनी दिसली, विहिरीला एकोणीस तासांनी. वालुकाश्मात किंवा मुरमात इतक्या अंतराला महिने, वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात जमीन पाणी गाळते, जिवाणू मरतात. इथे ते झालंच नव्हतं. वरच्या अंगाला नाल्याकाठी शेणाचे उकिरडे होते आणि कापसाची फवारलेली शेतं. भगदाडाशी पडलेलं काहीही दुसऱ्या दिवशी नळात येऊ शकत होतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला कायद्याचं बंधन आहे. पाणी पळवलं जाऊ नये म्हणून ते योग्यच आहे. पण चुनखडकात धोका गोल वर्तुळात बसत नाही. आमच्या बोअरभोवतीच्या वर्तुळात सगळं स्वच्छ होतं आणि घाण शिरत होती ती वर्तुळाबाहेरच्या भगदाडातून, एका रेषेनं. म्हणून नकाशावर आम्ही वर्तुळाऐवजी भगदाडापासून वरच्या नाल्याचा पूर्ण काठ आखला आणि तो जपायचं ठरवलं.

भगदाडाचं काय करायचं यावर दोन टोकाची मतं होती. काही तरुणांना ते काँक्रीटनं बुजवायचं होतं. एका अधिकाऱ्यांनी उलट सुचवलं: वर बंधारा बांधून सगळं पुराचं पाणी आत सोडा, पुनर्भरण होईल. बुजवलं असतं तर विहीर आणि बोअर दोन्ही उपाशी राहिले असते. पुराचं पाणी आत सोडलं असतं तर गाळ आणि घाण दोन्ही वाढली असती, आणि गाळानं पोकळी बुजलीही असती. शेवटी भगदाडाभोवती दगडांचं जाड कडं रचलं, त्याबाहेर गवत वाढू दिलं, उकिरडे नाल्यापासून दूर हलवले. पहिल्या धो-धो पावसाचं पाणी कड्याबाहेरून निघून जातं, नंतरची संथ धार आत मुरते.

आणि चौथा बोअर. या वेळी ईशान्येला, जिथे चुनखडक शेलखाली गेला आहे. शेल हे झाकण आहे, त्यातून वरचं पाणी सहज उतरत नाही. भीती फ्लोराइडची होती, कारण लाल हातपंप त्याच बाजूला, शेलमध्येच होता. ज्या पाण्याला खडकात फार काळ थांबावं लागतं आणि ज्यात कॅल्शियम कमी असतं, त्यात फ्लोराइड चढतं. म्हणून ठरवलं की शेलचा सगळा भाग केसिंगनं आणि सिमेंटनं बंद करायचा, आणि पाणी लागताक्षणी मशीन थांबवून जागेवरच फ्लोराइड तपासायचं. जास्त आलं तर तिथेच बोअर सोडून द्यायचा. ही अट आधी ग्रामसभेत लिहून घेतली, म्हणजे लोट पाहून कुणाचंही मन फिरू नये. त्यात माझंही मन आलं.

शेल नव्वद फुटांपर्यंत होता. चुनखडकात २१५ फुटांवर पाणी लागलं. दर दहा फुटांचा चुरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरला होता, पिशव्या अजून ग्रामपंचायतीच्या कपाटात आहेत. फ्लोराइड ०.९. बोअर २६० फुटांवर थांबवला. तासाला साडेपाच हजार लिटर, म्हणजे बारा तास पंप चालला तर नेमके ६६ हजार. पुढच्या पावसाळ्यात नाला दुथडी वाहत असतानाही हे पाणी निवळ राहिलं आणि बाटली काळी झाली नाही.

आता पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत चौथा बोअर चालतो. नाला आटला, भगदाडात काही शिरेनासं झालं, की तिसरा सुरू होतो आणि चौथ्याला विश्रांती मिळते. क्लोरीन दोन्हींना, बारा महिने. पाणी सोडणाऱ्या मुलानं पंपघराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं आहे: ‘नाला वाहे तर चार, नाला सुके तर तीन’.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दोन बोअरचा खर्च वाचवता आला असता का? बहुधा हो. चुऱ्याच्या पिशव्या ठेवायला काही खर्च येत नाही. पहिल्या बोअरचा चुरा कुणी त्याच दिवशी आम्ल टाकून पाहिला असता तर आपण बेसॉल्टच्या ठिगळावर उभे आहोत हे साठव्या फुटालाच कळलं असतं. या भागात सिमेंटच्या दगडासाठी भरपूर शोध-बोअर झालेले आहेत. त्यांत खडक किती शुद्ध, कॅल्शियम ऑक्साइड किती, हे बारकाईनं मोजलेलं असतं. शुद्ध कॅल्साइटमध्ये, म्हणजे चुनखडक ज्या खनिजाचा बनतो त्यात, ते ५६ टक्के असतं, मातकट दगडात बरंच उतरतं. तेच आकडे पाणी शोधणाऱ्यालाही खडक विरघळेल की चिखलानं बुजेल हे सांगू शकतात. ती माहिती मी मागितली नव्हती. आता प्रत्येक कामात आधी मागते, कधी मिळते, कधी नाही.

मिठाची चाचणी पंप बसवण्याआधी व्हायला हवी होती. फेब्रुवारीत नाल्याला धार नव्हती हे खरं, पण टँकरभर पाणी भगदाडात ओतून ती करता आली असती. त्या वेळी ते सुचलं नाही, कारण मी पाणी शोधत होते आणि पाण्याबरोबर काय येईल हा प्रश्न सापडल्यानंतरचा समजत होते. चुनखडकात हे दोन प्रश्न एकत्रच विचारावे लागतात. ज्या रुंद वाटेमुळे पाणी मिळतं, त्याच वाटेनं घाण येते.

१०५ फुटांवर थांबण्याबद्दल मी नंतर बोअर मशीनवाल्यांशी बोलले. पोकळीच्या खाली जाताना रॉड अडकण्याची त्यांची भीती खोटी नव्हती. पण आधीच मोठ्या व्यासानं सुरुवात करून, पोकळी लागली तर आत दुसरं केसिंग घालता येईल अशी तयारी ठेवता येते. ती अंदाजपत्रकात आधी लिहावी लागते. रॉड खाली गेल्यावर आणि पाणी उसळल्यावर ते सुचून उपयोग नसतो, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या कुणालाही नाही म्हणता येत नाही.

काकाजींचं भगदाड आता पंचायतीच्या नकाशावर आहे. मागच्या वर्षी मी गेले तेव्हा त्यांनी मला आणखी एक दाखवलं, पहिल्याच्या वर दोनेकशे मीटरवर, नव्यानं खचलेलं, त्यात अजून गवताची मुळं लोंबत होती. दगडांचं कडं तिथेही रचायचं आहे. शेत ज्यांचं आहे त्यांच्याशी बोलणं चालू आहे.